तीन तासांचा झेंडा

एकवीस किलोमीटर म्हणजे काय हो? दोन पायांत वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला साडेदहा!

हे गणित मी दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात ऐकवलं, तेव्हा खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हसला. मी कवळ्या बनवतो. गेली अकरा वर्षं एकाच स्टुलावर बसून! माझ्या हाताखालून गेलेल्या कवळ्यांनी आजवर किती चावलं असेल याला हिशेब नाही, पण मी स्वतः कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा स्कूटर काढतो. तरीही आवाज असा लावला होता, जणू जन्मलो तोच धावत.

कारण तसंच होतं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहतो. वय चौतीस. तो स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात ते. एका संस्थेच्या कार्यशाळेत तो वह्या बांधायचा आणि त्याच्यासारखी सरळ शिलाई तिथे कोणाची नव्हती. मग शेजारच्या गाळ्यात सुताराने यंत्राची करवत बसवली. तिचा आवाज मेहुण्याला सोसेना. कानांवर आवाज अडवणारे जाड गोल लावूनही सोसेना. तीन महिने तो घरी बसून होता आणि रोज सकाळी बहिणीला विचारायचा, "ताई, करवत थांबली का?" ती "नाही रे," म्हणायची आणि चहाचं भांडं उगाच दोनदा विसळायची.

संस्थेला आवाज न शिरणारी एक खोली बांधायची होती. त्यासाठी त्यांना अर्ध्या मॅरेथॉनमध्ये धावणारी आणि आपल्या ओळखीतून देणग्या आणणारी माणसं हवी होती. मी नाव दिलं आणि तडक डॉक्टरांकडे गेलो.

"तीन तासांच्या आत पोचलात," डॉक्टर म्हणाले, "तर अख्ख्या खोलीचा खर्च माझा."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर माझ्या सगळ्या कवळ्या सांगितलेल्या दिवशी देत जा. तेही मला चालेल!"

डॉक्टरांचा माझ्यावर फार राग. कवळी मंगळवारी मिळेल असं मी म्हणतो, पण कुठल्या आठवड्यातला मंगळवार ते सांगायचं राहून जातं.

घरी बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? धावणार?"

"का? पाय नाहीत मला?"

"आहेत की. ओट्याखालच्या डब्यांसारखे. आहेत, पण बाहेर कधी निघत नाहीत!"

मेहुणा मात्र हसला नाही. त्याने वहीत आकडे मांडले आणि सांगितलं, "एक किलोमीटर आठ मिनिटं वीस सेकंदांत. मग भाऊजी वेळेत येतील." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो माझ्या उशाशी उभा! चार महिने आम्ही रोज धावलो. चढ असो, उतार असो, कुत्रं मागे लागो, त्याचा किलोमीटर आठ मिनिटं वीस सेकंदांतच संपायचा. मी घड्याळ लावणंच सोडून दिलं. मेहुणा असताना घड्याळ लावणं म्हणजे सूर्य उगवल्यावर बॅटरी मारून बघणं!

शर्यतीत मात्र तो येणार नव्हता. गर्दी, शिट्ट्या, ढोल त्याला चालत नाहीत. तो पंधराव्या किलोमीटरपाशी, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आडोशाला थांबणार आणि मी तिथून बरोबर दोन तास पाच मिनिटांनी जाणार, असं ठरलं.

शर्यतीत पेसर असतात. म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचणारा, पाठीला वेळेचा झेंडा लावलेला पट्टीचा धावपटू. त्याच्या मागे राहिलं की झालं. तीन तासांचा झेंडा एका पी.टी.च्या मास्तरांकडे होता. मी त्यांच्या अगदी मागे, आणि माझ्या मागे साठएक माणसं. आठवा किलोमीटर आला आणि मास्तरांचा चेहरा पिवळा पडला. त्यांनी पोट धरलं.

"काका, दोन मिनिटं झेंडा धरा. आलोच!"

आणि ते रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या शौचालयात शिरले. आता तुम्हाला सांगतो, ते मला थेट दुपारी दिसले. आतून कडी अडकली होती! पण हे कळणार कोणाला? मी झेंडा धरून दोन पावलं टाकली, तर साठ माणसं माझ्या मागे दोन पावलं.

"काका, वेग बरोबर आहे ना?" एका मुलीने विचारलं.

इथे खरं सांगायला हवं होतं. पण अकरा वर्षांत माझ्या मागे कधी कोणी चाललं नव्हतं! "अगदी बरोबर!" मी म्हणालो. "तुम्ही फक्त मागे राहा!"

सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं होती. पण पुढे झेंडा दिसला की माणूस घड्याळाकडे बघत नाही. मी छाती काढून असा सुटलो की तीन किलोमीटर पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही. मग एकदम आठवलं! दोन्ही पोटऱ्या, कंबर, आणि ज्याचं नावही मला माहीत नव्हतं असा एक स्नायू, सगळे एकदमच बोलायला लागले.

मी मनात बेत केला. कुठल्या तरी गल्लीत वळायचं, झेंडा भिंतीला टेकवायचा, क्षणभर बसायचं. डावीकडे गल्ली दिसली, वळलो. एका घराचं फाटक उघडं होतं, शिरलो. मागे वळून बघतो तर साठच्या साठ माणसं अंगणात!

तिथे एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातून चादर गळून पडली.

"अहो, नळ दुरुस्त करायला मी एकच माणूस बोलावला होता!"

"काका, हा मार्गातच आहे का?" मागून कोणीतरी विचारलं.

"पाणी!" मी म्हणालो. "इथे पाणी प्यायचं असतं!"

"नळच बिघडलाय हो!" बाई ओरडल्या. तरी बिचारीने घरातली कळशी बाहेर आणून दिली. साठ जणांनी घोट घोट घेतला, पडलेली चादर चौघांनी मिळून पिळून वाळत घातली, आणि आम्ही परत रस्त्याला लागलो. किती मिनिटं गेली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पेट्रोल पंपाशी मेहुणा उभा होता. कानांवर गोल, हातात घड्याळ. त्याने माझ्याकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं.

"भाऊजी, दोन मिनिटं उशीर. आणि हा झेंडा तुमचा नाही."

झालं! साठ जोड्या डोळे माझ्यावर. "काका, तुम्ही पेसर नाही?"

"तसा... नाही," मी म्हणालो. "मी कवळ्या करतो."

रडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. वेळ जात होता, तो माझा नव्हता. ती खोली माझ्या हातून निसटत होती आणि ज्याच्यासाठी ती बांधायची तोच समोर उभा होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

मेहुण्याने वही काढली. "सहा किलोमीटर शंभर मीटर बाकी. आठ वीसने गेलो तर पोचून दोन मिनिटं दहा सेकंद उरतील." मग मान खाली घालून म्हणाला, "मी पुढे राहीन. पुढे गर्दी नसते. ओरडायचं नाही. टाळ्या नाहीत."

त्याने झेंडा घेतला. आणि काय सांगू! साठ माणसं एक शब्द न बोलता त्याच्या मागे निघाली. रस्त्याकडेचे लोक ओरडायला तोंड उघडायचे, तर आमच्यातली माणसं ओठांवर बोट ठेवायची. नुसता बुटांचा आवाज. पहिला किलोमीटर आठ वीस. दुसरा आठ वीस. थकून मागे पडलेलेही येऊन मिळाले. माझ्या पोटऱ्या बोलायच्या थांबल्या. मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की धाप लागायची राहून गेली.

शेवटची रेषा शंभर पावलांवर आली आणि मेहुणा थांबला. तो थांबला म्हणून सगळे थांबले!

रेषेशेजारी मंच होता आणि मंचावर एक निवेदक दोन कपाटांएवढ्या स्पीकरमधून गर्जत होता. मेहुण्याने दोन्ही हातांनी कान दाबले. "पुढे आवाज आहे," तो म्हणाला. कोणी त्याला ढकललं नाही. कोणी त्याला ओलांडून पुढेही गेलं नाही. दोन तास सत्तावन्न मिनिटं झाली होती.

मग मी धावलो. त्या दिवशी खरा धावलो तो तेवढाच! कठड्याच्या बाहेरून, मंचाच्या पायऱ्या चढून, निवेदकाच्या हातातला माइक धरून म्हणालो, "बंद करा हो! एकच मिनिट बंद करा!"

"तुम्ही कोण?"

"मी कवळ्या करतो!"

काय समजला कोण जाणे, पण घाबरून त्याने बटण दाबलं. सगळीकडे शांतता झाली. मेहुण्याने हात खाली घेतले, झेंडा सरळ केला आणि निघाला. रेषेवरच्या घड्याळात दोन तास एकोणसाठ मिनिटं वीस सेकंद असताना तो आत आला, आणि त्याच्या मागोमाग सगळे. मी मंचावरून बघत होतो. उतरायचं होतं, पण पाय आखडले होते. तीन पायऱ्या उतरायला मला चार मिनिटं लागली!

खाली डॉक्टर उभे होते, शेजारी माझी बायको. "काय, आलात का तीन तासांत?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी!"

"नाही," मेहुणा म्हणाला. "भाऊजी रेषेवरून आले नाहीत. बाजूने आले."

बायकोने डोळे मिटले. मी त्याच्या कानाशी पुटपुटलो, "अरे, खोली तुझी आहे ना!"

"खोली माझी आहे. पण भाऊजी बाजूने आले."

डॉक्टरांनी त्याला हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अकरा वर्षं तुमचे मंगळवार ऐकतोय मी. आज तुमच्या घरातून पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. खोलीचं काम उद्या सुरू करायला सांगा. पण हिशेब यांच्या हातात राहील, तुमच्या नाही!"

खोली झाली. मेहुणा आता रोज वह्या बांधायला जातो, आणि सकाळी बहिणीला करवतीचं विचारत नाही. ती चहाचं भांडं एकदाच विसळते.

गेल्या आठवड्यात आयोजकांचा फोन आला. पुढच्या वर्षी तीन तासांसाठी पेसर हवा होता. मी घसा साफ करून म्हणालो, "पोटऱ्या जरा दुखतात, पण तुम्ही एवढा आग्रह करताय तर..."

"तुम्ही नाही हो! ते झेंडेवाले!"

मी फोन मेहुण्याला दिला. त्याने विचार करून दोन अटी घातल्या. एक, रेषेवर स्पीकर नको. दोन, भाऊजी पुढे नकोत.

पहिल्या अटीसाठी त्यांनी दोन दिवस मागून घेतले. दुसरी फोनवरच मान्य केली!