मिसाळांचा हजेरी-पंचनामा

माणूस हजर आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार खुद्द त्या माणसाला कधीच नसतो. जन्मल्यावर सुईण ठरवते, शाळेत गुरुजी ठरवतात, पंगतीत वाढपी ठरवतो आणि मेल्यावर ग्रामपंचायत ठरवते. (ही शेवटची नोंद सगळ्यांत उशिरा होते, तोवर मयताने मतदान केलं तरी कोणी मनावर घेत नाही.) सरकारी नोकरीत हा अधिकार पूर्वी हजेरीपुस्तकाकडे होता. ते पुस्तक फार मायाळू होतं. सोमवारी विसरलेली सही ते शुक्रवारीही पोटात घेत असे. पुढे शिस्त आणायचं ठरलं, पुस्तक कपाटात गेलं आणि भिंतीवर अंगठ्याचं यंत्र आलं.

बुलढाण्यातल्या ज्या कार्यालयाची ही हकीकत आहे (नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची मनं फार हळवी आहेत), तिथे जुन्या नोंदींच्या नकला मिळतात. आजोबांचा जन्म, पणजोबांचं शेत, शाळेच्या दाखल्यातली जात, असं सगळं तिथे लाल कापडाच्या गठ्ठ्यांत बांधलेलं आहे. यंत्र बसल्यावर या कार्यालयात कमालीची शिस्त आली. पूर्वी लोक साडेअकराला येत आणि नाइलाजाने बसत. आता तेविसांपैकी बावीस कर्मचारी सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला हजर होऊन अंगठा लावत, यंत्र ‘थँक यू’ म्हणे, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी कार्यालय मोकळं होई. कोणी प्लॉट दाखवायला जाई, कोणी सोयाबीन काढायला, कोणी विमा उतरवायला. संध्याकाळी सव्वासहाला सगळे परत रांगेत. काहीजण तर धापा टाकत येत. एवढी वक्तशीरपणाची ओढ त्या इमारतीने आधी कधी पाहिली नव्हती.

तेविसावे राजकुमार मिसाळ. हे नक्कल शाखेचे कनिष्ठ लिपिक. दिवसभर जागेवर सापडणारे ते एकटेच, आणि यंत्राच्या हिशेबी गेले अकरा महिने गैरहजर असलेलेही ते एकटेच.

कारण साधं होतं. राजकुमारच्या तळहातांना घाम यायचा. थोडाथोडका नव्हे, मूठ मिटली की बोटांच्या फटींतून थेंब गळायचे. बुलढाणा हे घाटावरचं, थंड हवेचं गाव. मे महिन्यात मलकापूरचे लोक इथे श्वास घ्यायला येतात. अशा गावात डिसेंबरच्या सकाळी स्वेटर घातलेल्या माणसाच्या हातातून पाणी टपकायला लागलं, की लोक आधी हाताकडे, मग चेहऱ्याकडे बघतात आणि मनातल्या मनात विचारतात, याने काय केलं असेल? राजकुमारने काहीच केलेलं नव्हतं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून झाले होते. आई पुष्पाबाईंनी बाभळीची साल उकळून झाली होती. मलमं झाली, पाण्यात हात ठेवून बारीक वीज सोडायचं यंत्रही झालं. (ते चांगलं होतं, पण त्याची वेळ आणि वीज जाण्याची वेळ एकच होती.) अंगठा यंत्रावर ठेवला की तो घसरे, आणि यंत्र म्हणे, ‘प्लीज ट्राय अगेन’. राजकुमार प्रामाणिकपणे चौतीस वेळा ट्राय करी. मग मागची रांग त्याला हाताला न धरता, खांद्याला धरून बाजूला करी.

कार्यालयाची हजेरी ९५.६५ टक्के भरत असे. उरलेले ४.३५ टक्के म्हणजे राजकुमार. त्याच्यामुळे कार्यालय जिल्ह्यात दुसरं येई. सगळ्यांना याचं मनापासून दुःख होतं.

अखेर ‘विनापरवाना दीर्घकाळ गैरहजर’ म्हणून त्याला नोटीस निघाली. ती त्याला त्याच्याच टेबलावर, कार्यालयीन वेळेत, दहा वाजून दोन मिनिटांनी बजावण्यात आली. पोच म्हणून घेतलेली सही घामाने पसरली, म्हणून ती दुसऱ्यांदा घेण्यात आली. नोटिशीत लिहिलं होतं की, सदर कर्मचाऱ्याने सहा महिन्यांच्या आत आपला अंगठा दुरुस्त करून घ्यावा, अन्यथा त्यास सेवेतून कमी करण्यात येईल.

“साहेब, मी तं इथंच हाय,” राजकुमार अव्वल कारकून हिंमतरावांना म्हणाला.

“हाय ना,” हिंमतराव म्हणाले. “मी कुठं नाही म्हनून राह्यलो? पन मी वर काय लिहू? मले दिसला म्हनून? माह्या डोयाले शासनाची मान्यता हाय काय?”

हिंमतराव मनाने वाईट नव्हते. तीस वर्षं महसुलात काढलेला माणूस. गारपीट, मेलेला बैल, पडलेली भिंत, जळालेली गंजी, कशाचाही पंचनामा केल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांनी यावरही तोच उपाय काढला. अंगठा दुरुस्त होईपर्यंत राजकुमारने रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन पंचांसमक्ष आपल्या हजेरीचा पंचनामा करून घ्यायचा. पंच सज्ञान असावेत, नात्यातले नसावेत, आणि कार्यालयातले तर नसावेतच. (ही शेवटची अट अनावश्यक होती. कार्यालयातलं कोणी मिळणार कुठून?) मजकूर हिंमतरावांनीच घालून दिला:

‘आम्ही खाली सही करणार पंच लिहून देतो की, आज रोजी समक्ष पाहिले असता सदर इसम खुर्चीवर बसलेल्या स्थितीत, जिवंत आढळून आला. अंगात फिकट निळा सदरा. दोन्ही तळहात ओले. आजूबाजूस इतर कोणी आढळून आले नाही.’

पहिल्या दिवशी राजकुमार पंच शोधत व्हरांड्यात गेला. तिथे साखरखेर्ड्याचे निवृत्तीभाऊ बसलेले होते. वडिलांच्या जुन्या नोंदीची नक्कल घ्यायला ते नवव्यांदा आले होते. राजकुमारने हात जोडून सही मागितली. निवृत्तीभाऊंनी कागद वाचला, परत वाचला, आणि आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच एका सरकारी माणसाचं काम आपल्याकडे अडलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

“सही करतो ना,” ते म्हणाले. “काऊन नाही करनार? पयले माह्या बाची नक्कल काढा.”

राजकुमार शिडीवर चढला. चाळीस मिनिटांत नक्कल निवृत्तीभाऊंच्या हातात होती.

त्यानंतर जे झालं त्याला प्रशासकीय सुधारणा म्हणतात. जिल्ह्यात नक्कल मिळायला सरासरी सत्तेचाळीस दिवस लागत. मिसाळांच्या टेबलावर चाळीस मिनिटं. कारण रोज चार सह्या हव्या होत्या, आणि कोणताही शहाणा पंच काम झाल्याशिवाय सही करत नव्हता. लोक पहाटेच्या एसटीने येऊ लागले. देऊळघाटच्या बेबीताई आधी स्वतःच्या नकलेसाठी आल्या, मग जावेच्या, मग अख्ख्या गल्लीच्या. ‘घामवाले साहेब’ म्हटलं की बसस्टँडवरचा रिक्षावालाही पत्ता सांगे. राजकुमारने दिलेल्या प्रत्येक नकलेच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा ओला डाग असे. हळूहळू तोच खरेपणाची खूण ठरला. कोरडी नक्कल घेऊन गेलेल्या एका माणसाला दुसऱ्या खात्याने ‘ही बनावट दिसते’ म्हणून परत पाठवल्याचीही नोंद आहे.

सगळं छान चाललं होतं, राजकुमारचं सोडून. सहा महिन्यांतले चार संपले होते. पंचनामा हा तात्पुरता उपाय, असं वरून दोनदा कळवून झालं होतं. आणि घरी आठ वर्षांची सुचिता होती. ती रस्ता ओलांडताना बापाचा हात धरत नसे, त्याच्या डब्याच्या पिशवीचा बंद धरत असे. “बाबा, गिचगिच लागते,” असं ती एकदाच म्हणाली होती, तेही हळूच, त्याला वाईट वाटू नये म्हणून. राजकुमारला फार वाईट वाटलं होतं. नोटिशीचंही वाटलं होतं, पण त्याच्या निम्म्याने.

“करून टाका ऑपरेशन,” त्याची बायको निशिगंधा म्हणाली. “किती दिवस लोकायले इचारत फिरता, मी हाय का नाही म्हनून?”

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. काखेखाली दोन्ही बाजूंनी बारीक छिद्रं पाडायची, फुफ्फुस थोडा वेळ बाजूला सारायचं, कण्याजवळून हाताच्या घामाची जी शीर जाते तिला क्लिप लावायची. हात कोरडे होतील. मात्र शरीर तो घाम दुसरीकडून काढू शकतं. पाठ, पोट, मांड्या. कितीतरी जणांचं असं होतं, आणि क्लिप काढली तरी पूर्वीसारखं होईलच, याची खात्री नाही.

“अंगठा कोरडा होईल ना पन?” राजकुमारने विचारलं.

“अंगठा होईल. पाठीचा विचार करा.”

राजकुमारने पाठीचा विचार केला. शासनाचं कोणतंही यंत्र पाठ मागत नाही. रेशनचं नाही, बँकेचं नाही, हजेरीचं नाही. त्याने संमतीपत्रावर सही केली, ती पसरली.

रजेचा अर्ज मात्र नामंजूर झाला. जो अकरा अधिक चार महिने गैरहजर आहे, त्याला रजा कशावरून द्यायची, या हिंमतरावांच्या शेऱ्याला उत्तर नव्हतं. त्यामुळे ही शस्त्रक्रिया कागदोपत्री मिसाळ बेपत्ता असताना पार पडली.

शुद्धीवर आल्यावर राजकुमारने आधी हात गालाला लावून पाहिले. कोरडे होते, गरम होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याला आपले हात पहिल्यांदा भेटले. तो रडला. नर्सबाईंना वाटलं टाके दुखतात, म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या आठवड्यात तो कार्यालयात आला, अंगठा ठेवला आणि यंत्र पहिल्याच दमात म्हणालं, ‘थँक यू’. बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले गेले. कार्यालय शंभर टक्क्यांवर जाऊन जिल्ह्यात पहिलं आलं. दहा वाजून पाच मिनिटांनी सगळे नेहमीप्रमाणे पांगले, आणि राजकुमार नेहमीप्रमाणे खुर्चीवर जाऊन बसला.

“काऊन बसून राह्यले हो मिसाळ?” हिंमतरावांनी जाता जाता काळजीने विचारलं. “लागला ना अंगठा?”

लागला होता. पण सवय. त्यात पाठीला घाम सुरू झाला होता आणि खुर्ची रेक्झिनची होती. अर्ध्या तासात सदरा खुर्चीला चिकटे. उठताना असा आवाज होई की खिडकीवरचे लोक दुसरीकडे बघत. राजकुमारने दोन दिवस सदरे बदलून पाहिले. पंचांची आता गरज नव्हती, त्यामुळे समोरच्या माणसालाही आपली गरज भागवून घेता येत नव्हती. तो नुसता हात जोडी. हात जोडणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे राजकुमारला इतर बावीस जणांना पाहून पाठ होतं. पहिल्या दिवशी तो साडेचारपर्यंत बसला. मग दोनपर्यंत, मग बारापर्यंत. पुढच्या सोमवारी दहा वाजून सहा मिनिटांनी तो गेटबाहेर होता. बाहेर वारा होता, ओली पाठ गार पडत होती, आणि शाळेची वेळ साडेदहाची होती. सुचिताने रस्त्याच्या कडेला जरा विचार केला, मग त्याचा हात धरला. पलीकडे गेल्यावरही तिने तो सोडला नाही. त्या दिवसापासून तिला शाळेत सोडायचं, आणायचं, मधल्या सुट्टीत डबा द्यायचा, हे सगळं राजकुमार करतो. एवढा सुखी माणूस सध्या बुलढाण्यात दुसरा नाही.

इकडे बेबीताई भाचीच्या नकलेसाठी आल्या.

“घामवाले साहेब कुठं हाय?”

“हजर हाय,” सव्वासहाच्या अंगठ्यासाठी नुकतेच आलेले हिंमतराव म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावरचं हिरवं नाव दाखवलं.

“हिरव्या नावाले शिडीवर चढता येते काय?” बेबीताईंनी विचारलं. हिंमतरावांनी तसा लेखी अर्ज करायला सांगितलं.

बेबीताई अर्ज करणाऱ्यांतल्याच आहेत. त्यांनी तो केला. त्यात अत्यंत नम्रपणे म्हटलं आहे की, श्री. मिसाळ यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया ही जनहिताला बाधक आहे. तरी शासनाने शासकीय खर्चाने त्यांच्या शिरेवरील क्लिप काढून घ्यावी, आणि त्यांचे दोन्ही तळहात पूर्ववत ओले करून त्यांना जनतेच्या सेवेत परत द्यावे. अर्जावर एक्केचाळीस सह्या झाल्या आहेत. पहिली निवृत्तीभाऊंची आहे. मुलीच्या हाताचा उल्लेख अर्जात नाही, कारण तो विषय नक्कल शाखेच्या अखत्यारीत येत नाही.

एका बापाचा हात पुन्हा ओला करा म्हणणाऱ्या असल्या माणुसकीशून्य कागदावर तुम्ही सही करणार नाही, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. उगाच आपलं माहितीसाठी विचारतो: मुलाच्या ॲडमिशनला लागणारी तुमच्या आजोबांची ती जुनी नोंद मिळाली का? नाही? बेचाळिसावी ओळ अजून रिकामी आहे. नाव सुवाच्य अक्षरात लिहा.