इंग्रजी पोथीचा नेम

पुण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे त्या दिवसाचे तास संपवून सयाजी चिंचवडच्या बोर्डिंगवर परतला, तेव्हा त्याच्या खाटेवर दत्तोबाकाका घोरत होते, टेबलाखाली उरलेल्या कांद्याची पोती होती आणि सोजराबाई आत्या त्याच्याच स्टोव्हवर चहा उकळत होती. भैरू जमिनीवर बसला होता, कारण वर बसायला जागाच उरली नव्हती.

तिघेही चाकणचे. काका कांदे रेल्वेने रवाना करायला आले होते, आत्या डोळे दाखवायला आणि भैरू पिंपरीच्या नव्या कारखान्यात कुठे चिकटता येतं का ते बघायला. आपलं पोरगं कॉलेजात गेलं म्हणजे त्याची खोली अख्ख्या गावाची झाली, याबद्दल चाकणात दुमत नव्हतं. तिघांना येऊन बरेच दिवस झाले होते आणि कामंही केव्हाच उरकली होती. पण सयाजी आग्रहाने वाढत होता आणि ते आनंदाने राहत होते.

बोर्डिंगचे मालक मोरेश्वरपंत पोस्टातून निवृत्त झालेले. पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघावं तसे ते माणसांकडे बघत. त्यांनी सयाजीला अंगणातच गाठलं.

"काय हो सयाजीराव, ही विद्यार्थ्याची खोली आहे की बाजारतळ?"

"पाहुणे आहेत, पंत."

"रविवारी संध्याकाळी मी येणार. पाहुणे दिसले तर त्यांच्याबरोबर तुमचीही ट्रंक बाहेर. 'आता निघा' एवढं सांगता येत नाही तुम्हाला? मग कॉलेजात शिकता तरी काय?"

सयाजीच्या वडिलांनी, ज्योतीरामांनी, निघतानाच बजावलं होतं, "ही जागा सुटली तर कॉलेज सुटलं. मग औत हाय आन् तू हायेस." पुण्यात राहणं परवडणारं नव्हतं आणि चाकणहून रोज जाणं जमणारं नव्हतं. पण घरी आलेल्या माणसाला जा म्हणायचं कसं? तसं बोलायला त्याच्या घराण्यात आजवर कोणाची जीभ उचलली नव्हती.

शेवटी त्याने युक्ती काढली. इंग्लंडच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून तो मोठमोठ्याने वाचू लागला. कंटाळून माणसं आपोआप उठतील, असा त्याचा हिशेब.

काका खडबडून जागे झाले. आत्याने झटकन स्टोव्ह बंद केला, डोक्यावर पदर घेतला आणि कुठूनशी उदबत्ती काढून पेटवली.

"पोथी वाचतोय लेकरू. भैरू, नीट बस की!"

"आत्या, ही पोथी न्हाई, इंग्रजी बुक हाय!"

"आसंना का. देवाला समद्या भाषा कळत्यात. पर आमाला अर्थ सांग बाबा."

आता अर्थ सांगणं भाग पडलं. इंग्लंडचा एक राजा होता, तो माजला, रयत चिडली, असं अडखळत सांगत सयाजी राजाच्या शिरच्छेदापर्यंत आला.

काका ताडकन उठून बसले. "राजाचं मुंडकं उडवलं? कुनी?"

"त्याच्याच रयतेनं."

"आरं तिच्या! आन् त्याचं प्वार?"

"ते उद्या सांगतो," सयाजी दमून म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या गाड्या घेऊन आलेले चाकणचे आणखी चार जण खोलीत हजर झाले. त्यांनी नारळ आणला होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोल्यांतली पोरंही दारात येऊन बसली. आत्याने जाहीर करून टाकलं, "पोथी अर्धी टाकून उठू ने. समाप्ती झाल्याबिगर आमी काय हालत न्हाई." पुस्तक चांगलं वीतभर जाड होतं.

एक मात्र झालं. पहिल्या दिवशी अडखळणारा सयाजी आता ठसक्यात वाचू लागला होता. घोडी उधळत होती, तलवारी खणखणत होत्या.

रविवारी पंत काठी आपटत आले. त्यांनी ट्रंक उचलायला गडीही आणला होता. ते उंबऱ्यावर पाय ठेवतात तोच आत्या कडाडली, "पोथी चालू हाय! पायताण भाईर!"

पंतांनी मुकाट्याने वहाणा काढल्या. जन्म चिंचवडसारख्या देवस्थानात गेलेला माणूस, पोथी म्हटल्यावर हात आपोआप जोडले गेले आणि ते दाराशी टेकले. गडी त्यांच्या मागे टेकला. लढाई हरलेला राजपुत्र त्या वेळी झाडाच्या फांद्यांत लपला होता आणि शत्रूचे शिपाई खालून चालले होते.

तिथेच सयाजी थांबला. पंत भानावर येऊन उठले. घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, मला असं सांगायचंय..."

आत्याने त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि पायांवर डोकं टेकवलं. "तुमची किरपा, म्हून तुमच्या घरात पोथी झाली, देवा."

"असू दे, असू दे," पंत पुटपुटले. मग सयाजीच्या कानाशी लागून म्हणाले, "तू सांग."

"मी?"

"पाहुणे तुझे आहेत!"

सयाजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कडक पंतांनाही 'आता निघा' हे वाक्य जमत नव्हतं! त्याला एकदम हुरूप आला. पुस्तक पुन्हा उघडून, जे पान निघालं त्यावरचं एक वाक्य त्याने खणखणीत आवाजात वाचलं आणि हात जोडून अर्थ सांगितला, "या पोथीचा नेम असा हाय, की ऐकणाऱ्यानं वाचणाऱ्याच्या घरी मुक्काम करू ने. केला तर पुण्य लागत न्हाई."

"आगं बया! आधी न्हाई का सांगायचं?" आत्या उठली. काकांनी पोती भैरूच्या पाठीवर दिली. बघता बघता सगळी मंडळी देवळाजवळच्या धर्मशाळेकडे चालू लागली. जाताना काका बजावून गेले, "समाप्तीला सांगावा धाड रं."

खोली रिकामी झाली. पंतांनी गड्यालाही वाटेला लावलं आणि ते पुस्तकात डोकावले. पोस्टात इंग्रजी वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"सयाजीराव, हे वाक्य लोकरीवरच्या जकातीचं आहे."

"होय, पंत." सयाजीने मान खाली घातली नाही.

पंतांनी स्वतःच ट्रंक ढकलून भिंतीशी नीट लावली आणि ते तिच्यावर बसले.

"ते राहू दे. तो मुलगा झाडावरून खाली उतरला का?"

"कंदिलातलं रॉकेल संपत आलंय."

"थांब. मी आणतो."

पंत अनवाणीच घराकडे धावले. परत आले ते रॉकेलची बाटली आणि बायकोला, सावित्रीबाईंना, घेऊन. सावित्रीबाई ट्रंकेवर ऐसपैस बसल्या, पंतांना त्यांनी जमिनीवर बसायची खूण केली आणि म्हणाल्या,

"हं, पहिल्यापासून सांगा हो सयाजीराव. यांना काही धड सांगता येत नाही."