जहाज सापडलं, हजेरी कुणी घेतली?

वाणगाव स्टेशनाबाहेर सायवनची जीप भरते, तेव्हा चुरी गुरुजी आत असले तर ती वेळेवर सुटत नाही. ते हजेरी घेतात. चौदा उतारू, त्यातले चार मागे लटकलेले, आणि हा सत्तरीचा निवृत्त मास्तर एकेकाचं नाव वहीत लिहून घेतोय. ड्रायव्हर म्हणतो, "गुरुजी, अजून दोघं बसतील." गुरुजी म्हणतात, "बसू देत. पण नावं सांगून. उद्या जीप डोंगरात रिकामी सापडली तर कुणाला शोधायचं?"

आमच्या संघटनेच्या सभांची तर त्यांनी पार वाट लावली. विषय खाडीत सोडलेल्या रसायनाचा असो की रेशनचा, शेवटी "कुणाला काही बोलायचंय?" म्हटलं की गुरुजी उठतात. मग ती 'मेरी सेलेस्ट'. दीडशे वर्षांपूर्वी भर समुद्रात भटकताना सापडलेलं जहाज. खायला सहा महिन्यांचं सामान, आणि माणूस एक नाही. काय झालं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मागून कुणीतरी मुद्दाम विचारतं, "टेबलावर चहा गरम होता म्हणे, गुरुजी?"

"चहाबिहा काही नव्हता," गुरुजी खवळतात. "तो गोष्टीवाल्यांनी नंतर ओतला. जहाजावरची छोटी होडी जागेवर नव्हती, ते बघा. माणसं आपणहून उतरली होती. दहा होती. एक तर दोन वर्षांची पोर. जहाजाचं नाव जगाला पाठ. त्या दहातलं एक नाव सांगा."

लोक चपला शोधायला लागतात.

"जहाज सापडलं हो. पण हजेरी कुणी घेतली?" असं म्हणून ते खाली बसतात.

एकदा मी भर सभेत म्हटलं, "गुरुजी, इथे जिवंत माणसांचे प्रश्न आहेत. तुमचं भुताचं जहाज घरी ठेवा." त्यांनी वही उघडली. "साडेदहाची सभा. तू पावणेअकराला आलीस. उशिरा लावलंय."

उभी नोकरी त्यांनी सायवनच्या पलीकडे डोंगरातल्या शाळेत काढली. पोरं दोन-दोन ओढे ओलांडून यायची. हजेरीला एखादं नसलं की शेजारचं ओरडायचं, "वाटेत आहे, गुरुजी." गुरुजी मग गैरहजेरी लावायचे नाहीत, ती चौकट मोकळी सोडायचे. तपासणीला आलेल्या साहेबाने त्या मोकळ्या चौकटींवरून झापलं, तर म्हणाले, "ओढ्याला पाणी आहे साहेब. पोरगं घरून निघालंय." ती पोरं आता बाप्ये झाली, वापीला कंपनीत गेली, बोटींवर गेली. अजून जिथे जातील तिथून फोन करतात. "हजर, गुरुजी." कुठे आणि कुणाबरोबर, तेही सांगावं लागतं. सगळं वहीत जातं. आम्ही हसायचो.

मागच्या वर्षी गुजरातच्या एका बंदरातून मासेमारीला गेलेली बोट समुद्रात तरंगताना सापडली. इंजिन बंद, जाळं अर्धं आत ओढलेलं, टोपात भात. खलाशी एकही नाही. बोट ओढून आणली. शेठने तिला नवा रंग काढून पुन्हा पाण्यात सोडलीसुद्धा. बोटीचा नंबर कागदोकागदी होता. माणसांची यादी मात्र शेठने तोंडी दिली. "पांच जण हता, बस." सगळे आमच्या डहाणू-तलासरीचे. त्यांना कोण मोजतो!

सहावा होता लहानू. सायवनचा, गुरुजींचा विद्यार्थी. त्याची आई मत्स्यखात्याच्या कार्यालयात गेली, तर टेबलामागचा साहेब म्हणाला, "यादीत नाव नाही मावशी, म्हणजे तो बोटीवर नव्हताच. पळाला असेल कुठेतरी. दुसरं लग्नबिग्न केलं असेल." म्हणजे बेपत्ता व्हायलाही शेठची परवानगी लागते. शोध पाच जणांचा. सहावा समुद्रात असला तरी त्याला कुणी शोधणार नव्हतं.

ती माऊली आमच्याकडे आली. मी पत्रक लिहिलं, जहाल लिहिलं. पण साहेबाला पुरावा हवा होता आणि माझ्याकडे नुसता संताप होता.

पुरावा गुरुजींच्या काखेत निघाला. त्यांनी साहेबाच्या टेबलावर वही उघडली. बोट सुटली त्या सकाळची नोंद: 'लहानू. जेट्टीवरून. हजर. बोटीवर सहा.' खाली बोटीचा नंबर आणि सहाही नावं.

साहेब म्हणाला, "ही काय सरकारी वही आहे?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "सरकारी असती तर पाचच असते."

मग हेलपाटे. मी टेबलावर हात आपटायचे. गुरुजी कोपऱ्यात बसून कार्यालयाची हजेरी मांडायचे: खुर्च्या सहा, हजर एक. शेवटी त्या सकाळच्या फोनची नोंद निघाली, वहीतल्या वेळेशी जुळली, आणि सहावं नाव यादीत चढलं. शोधाचा कागद नव्याने निघाला. साहेबाने सुस्कारा टाकला. "घ्या. पण इतक्या दिवसांनी काय सापडणार? मयत धरूनच चाला."

गुरुजी उठता उठता थांबले. "बोटीवरचे रिकामे ड्रम, धरून तरंगता येतं ते, जागेवर होते?"

साहेबाने पंचनामा चाळला. "नाही. ड्रम नाहीत यात."

"मग ते उतरलेत," गुरुजी म्हणाले. त्या जहाजाच्या होडीचा विषय तीन वर्षं आम्ही थट्टेवारी नेला होता. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

परवाच्या सभेत मी पत्रक वाचायला उभी राहिले. त्यावर सहा नावं होती. आधी मीच गुरुजींना म्हटलं, "हजेरी घ्या." त्यांनी एकेक नाव पुकारलं. पाच झाली, लोक खाली मान घालून बसलेले. मग ते म्हणाले, "लहानू."

गुरुजींचं पेन चौकटीवर थांबलेलं. मीही थांबले.

दाराजवळ बसलेल्या लहानूच्या आईने पदर सारखा केला.

"वाटेत आहे, गुरुजी."

गुरुजींनी चौकट मोकळी सोडली.