नाना शेळ्यांना जेवू घालतात

आमच्या भिंतीपलीकडचे शंकरनाना वारले, कावळा शिवला, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि त्याच आठवड्यात नाना शेळ्यांना पाला घालायला पुन्हा कामावर रुजू झाले.

हसू नका. ऊन कललं की भिंतीपलीकडून आधी त्यांचा खोकला यायचा. एक लांब, एक तुटका, वाळक्या ओंडक्यावर कुऱ्हाड पडावी तसा. मग तोच घोगरा आवाज, "अगं बिजले, पोट हाय का पोतं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी परसात तांब्या घेऊन उभा होतो. तांब्या तिथंच राहिला आणि मी मारुतीच्या देवळात पोचलो. मधली दोन कुंपणं आणि एक बैलगाडी मी कशी ओलांडली, ते त्या बैलांना विचारा.

घरी आलो तर बायको शांतपणे म्हणाली, "अवो, कालपन आल्ते ते. शेळ्यांपुरतेच येत्यात. आपल्याला काय तरास हाय त्यांचा?"

नाना जिवंत होते तेव्हाही शेळ्यांपुरतेच होते. दुष्काळाचं साल. आमचा सगळा कर्जत तालुका खडी फोडत होता आणि रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याच्या घोटानं खाली ढकलत होता. नानांच्या चार शेळ्या मात्र जावयासारख्या जेवत होत्या. सकाळी आधी तुरीचं वाळलं भुसकट, म्हणजे पोटाला बैठक. मग लिंबाचा पाला, मग बाभळीचा, आणि शेवटी बोरीचा. कुठल्या ओढ्याकाठी कुठली फांदी अजून हिरवी आहे, हे तलाठ्याच्या बापाला ठाऊक नसेल, ते नानांना ठाऊक. पाला भुईवर टाकायचा नाही, दोरीनं उंच टांगायचा. "शेळी मान वर करून खाती. तुज्यावानी ताटात डोस्कं घालून न्हाई," हे त्यांनी मला माझ्याच ओट्यावर ऐकवलेलं आहे.

गोडधोड फक्त बाजारच्या दिवशी. मूठभर बाभळीच्या शेंगा आणि खडीच्या कामावर मिळालेल्या सुकडीच्या गोड पिठातली चिमूट. टिकली शेळीनं आणखी मागितलं की नाना बोट उगारायचे, "कडू रोजचं, गोड आठवड्याचं." गावच्या डॉक्टरानं आम्हाला इतकं जपलं असतं, तर आम्ही आज सगळेच शंभरीचे असतो.

असे नाना चार दिवसांच्या तापात गेले, आणि शेळ्यांनी खाणं सोडलं.

नानांची बायको, गजरामावशी, बोरीचा कोवळा शेंडा त्यांच्या तोंडाशी धरायची. शेळ्या शेंड्याकडं बघायच्याच नाहीत. मावशीच्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघायच्या, चौघी एकदम. मागं कुणी उभं असावं तसं. शेवटी मावशीही वळून बघायची. मीही बघायचो, आणि नंतर रात्रभर पांघरुणाबाहेर पाय काढायचो नाही.

बरगड्या मोजता येतील अशा झाल्या, तेव्हा पुतण्या दगडू आला. "काकी, हाडं व्हायच्या आत खाटकाला दे."

"येत्या बाजारापतुर थांब," मावशी म्हणाली. "ना लेक, ना लेकरू. या चौघी गेल्या तर घरात माज्याबिगर श्वास घेनारं कोन हाय रं?"

आणि त्याच संध्याकाळी नाना रुजू झाले.

गावानं हळूहळू त्यांना सांभाळून घेतलं. गणपा सुतार तर भिंतीआडून हात जोडून म्हणाला, "नाना, तुमी माजा विळा नेल्ता."

"आढ्याला खोवलाय," पलीकडून उत्तर आलं. "बोथट हाय, तुज्यासारखाच."

विळा आढ्यालाच निघाला. गणपानं नारळ फोडला.

मला मात्र राहवेना. एकदा बायकोला खाली शिडी धरायला लावून मी भिंतीवर चढलो. गोठ्यात नाना पाठमोरे उभे होते. तीच घोंगडी, तेच मळकं मुंडासं. दोरीला पाला टांगलेला, आणि चौघी माना वर करून कराकरा खात होत्या. माझ्या हातून एक ढेकूळ निसटलं. नाना वळले. मुंडाशाखाली तोंड गजरामावशीचं होतं, पण सांगतो, जबडा नानांचा होता.

"भिताडावर काय करतुस रं, पांड्या?" नाना गरजले. मग शेळ्यांकडं चोरून बघत मावशी अगदी हळू, स्वतःच्या आवाजात पुटपुटली, "पांडबा, बोलू नगं रं बाबा. शेळ्यांस्नी कळंल!"

गावाला कळलं तर चालणार होतं. शेळ्यांना नाही.

बाजारच्या सकाळी दगडू दोर घेऊन आला, तो दारातच थबकला. आतून खोकला आला. एक लांब, एक तुटका. "दगड्या, दोर ठिव खाली. तुला बांधू का त्येनं?" दगडूनं दोर ठेवला, वहाणाही ठेवल्या, आणि तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. शेळ्या वाचल्या. टिकली तर पुढं इतकी सुटली की तिला दारातून आडवी काढावी लागे.

दुष्काळ सरला. एकदा सकाळी मावशी लुगड्यातच, उघड्या डोक्यानं, कावळ्याला हुसकत होती. "हाड् मेल्या!" तिचा आवाज ऐकून चौघी धावत आल्या आणि तिच्या हातातला लिंबाचा डहाळा खायला लागल्या.

"मावशी, सुटलीस!" मी ओरडलो. "आता उन्हाळ्यात ती घोंगडी नको."

मावशीचं तोंड उतरलं. तिनं डहाळा मागं ओढला. "हात् गं! माजं नगा ऐकू, बायांनो. माजं नगा ऐकू." शेळ्या तिच्या हाताला लुचतच राहिल्या.

त्या संध्याकाळी शेळ्यांची पोटं केव्हाच भरली होती. नानांना बोलवायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी खोकला आला. मी भिंतीला कान लावला. खोकला गोठ्याच्या त्या टोकाचा होता आणि मावशीच्या बांगड्या या टोकाला वाजत होत्या, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला गावात फारशी किंमत नाही, ते सोडा.

मग घोगरा आवाज म्हणाला, "गजरे, तू खाल्लंस का कायतरी?"

जिवंतपणी नानांनी हे मावशीला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मावशीचा आवाज नव्या नवरीसारखा बारीक झाला. "न्हाई अजून. तुमी थांबा हितंच," ती म्हणाली, "आनते वाढून."