इंदूआक्कांच्या हडळी

टीव्हीवरच्या हडळीला "आधी दोन घास खा, मग काय ती मुंडी मुरगाळ" असं समजावणारी बाई मी एकच पाहिली आहे. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात.

दुपारची जेवणं आटोपली की एका चॅनेलवर भुतांच्या गोष्टी लागतात. रोज नवी गोष्ट, रोज नवी बाई. कधी उलट्या पायांची, कधी विहिरीतून केस सोडून वर येणारी, कधी लग्नाच्या रात्रीच नवऱ्याचं रक्त पिणारी. पुरुष भुतं क्वचित. इंदूआक्कांच्या मते पुरुषांना मेल्यावरसुद्धा कामाचा कंटाळा असतो.

भुताची गोष्ट म्हणजे पडदे ओढायचे आणि उशी पोटाशी घेऊन बसायचं, अशी माझी सवय. आक्कांकडे दारं-खिडक्या सताड उघड्या. मांडीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा, बाहेर भंगारवाल्याची आरोळी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मी घरूनच नोकरी करते, त्यामुळे दुपारी सापडते. "मला सोबत लागती बघ. भ्यायला न्हवं, बोलायला," असं म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा बसवून घेतलं. मी फारशी बोलत नाही, हाच माझा मोठा गुण ठरला असावा.

त्यांचे यजमान आप्पा तरुणपणी कुस्ती खेळायचे. दंड अजूनही उखळासारखे आहेत. पण त्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत वाजलं की ते मुकाट्याने चपला घालतात आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीकडे निघतात. आक्का मागून ओरडतात, येताना कोथिंबीर आणा. घरात रोजची जुडी साठत जाते.

आक्का कुठल्याच हडळीला घाबरत नाहीत, उलट त्यांना तिची काळजी वाटते. उलट्या पायांच्या बाईला चपला कुठल्या बसत असतील, यावर आमचा एक अख्खा भाग गेला. विहिरीतली वर आली तेव्हा त्यांनी तिचे केस निरखले आणि हळहळल्या, तेल नाही की फणी नाही, कोण घालणार म्हणा. त्यांचं खरं वैर मांत्रिकाशी. तो पडद्यावर दिसला की, "आला लिंबू घेऊन. सरबत कर म्हणावं."

त्यांचा एक सिद्धान्तही आहे. "उपाशी हाय ती. म्हणून माणसं खातीया. एवढी माणसं येऊन गेली त्या बंगल्यात, एकानं तरी इचारलं का, बाई, जेवलीस का? वाटीभर रस्सा दिला असता तर पयल्या जाहिरातीआधी मिटलं असतं."

पण मिटत नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्या बाईची वेणी जाळतात, नाहीतर तिला झाडाला खिळा ठोकून बांधतात. मग आक्का शेंगांची टरफलं पडद्याच्या दिशेने भिरकावतात. त्यांची मागणी एवढीच, की एकदा, फक्त एकदा, एखादी बाई घरला जाऊ दे.

शेवटी त्यांनी तक्रार करायचं ठरवलं. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून काम माझ्याकडे आलं. मी फोनवर बोलायला नको म्हणून जेवणसुद्धा ॲपवरून मागवणारी मुलगी. आक्कांनी डिशवाल्यांचा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला चिकटवला. मी कुजबुजत सांगितलं की गोष्टींचा शेवट बदलायला हवा. पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, मॅडम, बॉक्स एकदा बंद करून चालू करा. आक्कांनी फोन हिसकावला. "बंद करून चालू केल्यावर ती घरला जाईल काय?" त्याने बहुतेक नोंद करून घेतली.

आक्कांची आणखी एक तऱ्हा आहे. त्यांच्या फोडणीत मोहरी नसते. जिरं, हिंग, कढीपत्ता, सगळं असतं. मोहरीचा दाणा नाही. बिल्डिंगमधल्या बायकांनी यावर पित्तापासून नवसापर्यंत सगळे तर्क केले आहेत. माझ्या आईने पाठवलेल्या ढोकळ्यावरची मोहरी आक्का एकेक दाणा टिपून बशीच्या कडेला ठेवत होत्या, हे मी स्वतः पाहिलं. विचारलं मात्र नाही.

गेल्या महिन्यात एक गोष्ट लागली. त्यातली सून बाळंतपणात जाते. तिला नेल्यावर सासू दारापासून वाटेवर मोहरी टाकत जाते, म्हणजे ती परत यायला निघाली तर दाणा न् दाणा वेचत बसेल आणि घरी पोहोचायच्या आत उजाडेल.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. सासूला शिव्या नाहीत, काही नाही. मी वळून पाहिलं.

"आमच्या सुमीच्या वाटंवर आईनंच टाकलीती," आक्का म्हणाल्या.

सुमी त्यांची थोरली बहीण. आजऱ्याकडच्या गावी, माहेरी बाळंतपणाला आलेली. बायकांनी आईच्या हातात मोहरीची पिशवी दिली, आणि आई रडत रडत टाकत गेली. आक्का दारात उभ्या होत्या.

"मी ल्हान होतो. पाऊस लागला की वाटायचं, भिजत बसली आसंल दाणं वेचत. घर तर समोर दिसतंय तिला."

टीव्हीवर मांत्रिक आला होता. हातात खिळा होता. मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. आक्कांच्या घरात मी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट.

"तिनं सगळी मोहरी वेचली, आक्का," मी म्हणाले. आवाज माझा मलाच नवा वाटला. "ओटीत घेतली आणि आली. दार उघडंच होतं."

आक्का सुपाकडे बघत होत्या. "मग?"

"आईनं ओळखलं तिला. आत घेतलं."

"व्हय?"

"हो."

जिन्यात आप्पांच्या चपला वाजल्या. टीव्हीचा आवाज नाही म्हणून ते धीर करून लवकर परतले होते. कोथिंबीर घेऊन दारातच थबकले. आक्कांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"जेवली का?"

"जेवली," मी म्हणाले. "दोनदा भात घेतला."

आक्कांनी मान हलवली, आणि सुपातली पुढची शेंग उचलली.