न हसणारी गिऱ्हाइकं

सलूनवाल्या भाऊंनी विनोदी गोष्ट लिहिली, इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ती खरंच विनोदी आहे का, हे गिऱ्हाइकांवर पारखून बघायचं त्यांनी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

गोष्ट तोंडपाठ होती. दाढी करता करता ते ती रंगवून सांगत. गिऱ्हाइकं छताकडे बघत राहत, हसायचं नाव नाही. एकाने तर (आणि हा भाऊंचा सख्खा मेहुणा) श्वाससुद्धा रोखून धरला. हळूहळू भाऊंची खात्री पटली, लिहिणं हे आपलं काम नव्हे. मग जड मनाने ते त्या कागदांचे चौकोनी तुकडे करायला बसले, वस्तऱ्यावरचा फेस पुसायला.

डबा घेऊन आलेल्या वहिनींनी ते पाहिलं आणि विचारलं, तेव्हा भाऊंनी सगळं सांगून टाकलं. कुणी म्हणून हसत नाही.

"पण सांगता कधी?"

"दाढी करताना."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो, गळ्यावर वस्तरा असताना कोण हसेल? जीव प्यारा असतो माणसाला."

त्यांनी तुकडे गोळा करून पिशवीत ठेवले. भाऊ बघतच राहिले. या बाईचे उपकार कसे फेडायचे, हे त्यांना कळेना.

पुढचं गिऱ्हाईक गणिताचे मास्तर, दाढी चांगली वाढलेली. डावा गाल झाल्यावर भाऊंनी धीर करून वस्तरा खाली ठेवला आणि सुरुवात केली. मास्तर आधी गालातल्या गालात हसले, मग खुर्चीचे हात धरून, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी टॉवेलने डोळे पुसले, त्यातच उजव्या गालावरचा फेस पुसला गेला. "लिहीत राहा, भाऊ," म्हणत, चष्मा हातातच घेऊन ते निघाले. भाऊंचेही डोळे भरलेले, त्यांना दिसणार काय?

थोड्याच वेळात रस्त्यावर हशा पिकला. वाणी हसतोय, शिंपी हसतोय. भाऊ हात जोडून दारात उभे राहिले.

"बघ, मास्तरांनी गोष्ट गावभर केलीसुद्धा. देव त्यांचं भलं करो."

वहिनींचं लक्ष रस्त्याकडे होतं.

मास्तर परत आले आणि खुर्चीत बसले.

"गोष्ट झकास आहे, तो शब्द मी मागे घेत नाही. पण आता दाढी पुरी करा, आणि ती होईपर्यंत दुसरी सुचली तरी सांगू नका."