बंद फ्रीजातली सुरमई

माणसाने आपल्या फ्रीजच्या दाराकडे फार निरखून बघू नये. दार उघडावं, हवं ते घ्यावं, लावून टाकावं. खेडच्या महिपत शिगवणांनी एका रविवारी ते निरखून बघितलं, आणि पुढे भरदुपारी, मेन स्विच बंद केलेल्या घरात, हातात नारळ घेऊन त्याच दारापुढे उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली.

महिपतराव लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. सरकारने घरगुती उपकरणांच्या स्टार-लेबलच्या नियमांचा मसुदा काढून लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि कंपनीने ती ईमेल सगळ्यांना पुढे पाठवली होती. बाकीच्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. महिपतरावांनी छापून घेतली. (साहेबाने सहज म्हटलेलं जिवाला लावून घेणारा एक माणूस प्रत्येक कंपनीत असतो. लोट्याला तो खेडच्या बसने येतो.)

"सरकारला सूचना करायच्या, तर आधी आपलं घर तपासायला हवं," ते बायकोला म्हणाले.

"तपासा की. पाय तेवढे वायच वर घ्या, लादी पुसायची हाय," नम्रतावहिनी म्हणाल्या.

महिपतरावांनी पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यांची झडती घेतली आणि घराचे स्वतःचे नियम करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले. पहिल्या दोन नियमांनी कोणाचं काही बिघडवलं नाही. तिसरा मात्र असा होता: जुनं झालेलं, आवाज करणारं आणि कामाच्या मानाने जास्त खाणारं जे असेल ते घरात राहणार नाही, त्याची जागा मागच्या पडवीत.

हा नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर फ्रीज होता. त्याच्या दारावर एकही स्टार नव्हता. स्टारच्या जागी एका निळ्या होडीचं चित्र चिकटवलेलं होतं, आणि ते चिकटवलं होतं रावजींनी, म्हणजे नम्रतावहिनींच्या वडिलांनी. रावजी पूर्णगडचे, जन्मभर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर सुकाणू धरणारे तांडेल. लेकीच्या घरी मासा नासता नये म्हणून तो फ्रीज त्यांनी टेम्पोत घालून स्वतः आणला होता. पुढे येतील तेव्हा पेपरात गुंडाळलेली सुरमई स्वतःच्या हाताने आत ठेवायचे, दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "सांभाळ रे बाबा." जावयाशी ते फार बोलत नसत. जे काय बोलायचं ते फ्रीजशी.

रावजी जाऊन दोन वर्षं झाली होती. नम्रतावहिनी दार लावताना अजून थाप मारत. त्या फ्रीजवर त्यांचा जीव होता, आणि हे महिपतराव सोडून सगळ्या आळीला माहीत होतं.

फ्रीज पडवीत गेला. महिपतरावांनी स्वतः प्लग काढला, वायर गुंडाळली आणि खिळ्याला टांगली. शनिवारी दुकानदाराचा टेम्पो पाच स्टारवाला नवा फ्रीज आणणार होता आणि हा घेऊन जाणार होता. नम्रतावहिनी काही बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ह्या गप्प बसण्याला महिपतराव होकार समजत.

गणपती गावाला गेलेले, पितृपक्ष लागलेला. आभाळ भरून आलं की दुपारीच घरात सांजावायचं. मखराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघवत नसे. अशाच एका दुपारी महिपतराव पहिली पाळी करून घरी आले. वहिनी शेजारी फातिमाभाभींकडे गेल्या होत्या. महिपतराव आडवे झाले आणि त्यांना आवाज ऐकू आला.

घुंऽऽऽ. मग थांबला. मग कोणीतरी घसा खाकरावा तशी खरखर, आणि पुन्हा घुंऽऽऽ.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी उठून मेन स्विच खाली ओढला. पंखा गरगरत थांबला. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. घर इतकं शांत झालं की पागोळ्यांचे थेंब मोजता आले असते. आवाज मात्र चालूच राहिला.

ते पडवीत गेले. प्लग खिळ्यालाच होता, त्यांनी टांगला तसाच, कशालाही न जोडलेला. फ्रीजला हात लावला तर तो अंगात आल्यासारखा थरथरत होता. त्यांनी दार उघडलं. आत दिवा लागला. थंड वाफ तोंडावर आली. आणि वाफेच्या मागून, पेपरात गुंडाळलेली एक सुरमई त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

पितृपक्ष लागल्यापासून त्या घरात मासळीचा खवलासुद्धा आला नव्हता. महिपतरावांनी दार लावलं, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं. आणि आपण अंगणात कधी आलो ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

नम्रतावहिनी आल्यावर त्यांनी आडून विचारलं, "आपल्याकडे सुरमई कोणी आणली?"

"ह्या दिवसांत? काय तरीच काय बोलता?"

"फ्रीजात आहे."

"बंद फ्रीजात?" वहिनी पायरीवर टेकल्या. "सुरमई बाबा आणायचे," एवढं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. (पुढे काहीही उघड झालं तरी ते पाणी मात्र खरं होतं.)

महिपतरावांनी त्यांना पडवीत नेलं, दार उघडून दाखवलं. आत कोकमाच्या आगळाची बाटली होती, आंब्याच्या रसाचा डबा होता. सुरमई नव्हती. फ्रीजही आता गप्प होता. वहिनींनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे अयूबभाई आले. अयूबभाई कुवेतहून कायमचे परत आलेले. दोघांची घरं जोडीची, पडवीची भिंत एकच, तिला वर जाळीची एक खिडकी. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

"महिपतराव, तुमी विजेचं बघता म्हणून आलो. आमच्या मीटरात कायतरी शिरलंय. दिसतील ती सगळी बटणं बंद केली, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला, तरी लाल बत्ती डोळे मिचकावते."

महिपतराव तपासायला गेले. घरातलं एकूण एक उपकरण बंद होतं. मीटर चालू होता. फातिमाभाभी ओट्याशी कोलंबी सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. वीज जात होती, पण ती खाणारं कोणी घरात दिसत नव्हतं.

आता एका घरात विजेशिवाय फ्रीज चालतो आणि भिंतीपलीकडच्या घरात फ्रीजशिवाय वीज जाते, ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या तर चौथीतलं पोरही उत्तर देईल. पण महिपतराव चौथीत नव्हते, नियमांच्या मसुद्यात होते. आणि आपल्या घरातलं त्यांनी अयूबभाईंना सांगितलंच नाही, कारण सुपरवायझर भुताला भितो ही बातमी लोट्याच्या बसमध्ये त्यांना नको होती.

"हे उपकरणातलं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही एकेका वायरीचा माग काढा. हाताने धरून, शेवटापर्यंत."

सल्ला उत्तम होता. स्वतः पाळला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार. महिपतरावांना जेवण जाईना. फ्रीजने थांबून थांबून खाकरलं की त्यांना सासऱ्यांचा तो अबोल, खारवलेला चेहरा दिसे. ह्या माणसाने लेकीसाठी आणलेली वस्तू आपण भंगारात घालतोय, आणि त्याला विचारायची सोय राहिली नाही. भीती तर वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदाच त्यांना शरम वाटली.

नम्रतावहिनी बाजाराला गेल्याचं बघून त्यांनी मेन स्विच बंद केला (शास्त्रीय खात्री म्हणून), नारळ घेतला, पडवीत गेले आणि टोपी घालून फ्रीजसमोर उभे राहिले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तसं त्यांनी सुरू केलं.

"बा पूर्णगडच्या रावजी महाराजा... आज ह्या तुझ्या जावयाकडून जी काय चूकभूल झाली असेल, ती पोटात घाल रे महाराजा..."

गाऱ्हाण्यात प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या लोकांनी हुंकार द्यायचा असतो. सवयीने महिपतराव थांबले. पडवीत कोणी नव्हतं. आणि फ्रीजच्या मागून, भरल्या आवाजात, हुंकार आला.

"व्हय महाराजा."

महिपतरावांच्या हातातला नारळ सुटून दारापर्यंत गडगडत गेला. पळावंसं वाटलं, पण गाऱ्हाणं अर्धं टाकून गेलेल्या माणसाचं काय होतं ते आजीने लहानपणी सांगितलं होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"उद्याचा टेम्पो परत पाठवतो... तुझी वस्तू ह्या घरातनं हलवणार नाय रे महाराजा..."

"व्हय महाराजा."

"तिला पुन्हा चुलीशेजारी मानाने ठेवीन... लागेल ती वीज माझ्या घरातनं देईन रे महाराजा..."

"व्हय महाराजा. पण आजपासनंच द्या."

महिपतरावांनी डोळे उघडले. वरच्या खिडकीच्या जाळीतून एक पांढरा प्लग खाली लोंबत होता आणि जाळीमागे अयूबभाईंचा चेहरा होता.

"माग काढा म्हणालात, काढला," अयूबभाई म्हणाले. "वायर माझ्या कपाटामागच्या बोर्डातनं निघते ती इथं उतरते. तुमचं गाऱ्हाणं चालू होतं. मधी बोलणं बरं दिसलं नाय, आणि हुंकार द्यायला दुसरं कोणी नव्हतं."

दारात नम्रतावहिनी उभ्या होत्या, मागे फातिमाभाभी. वहिनींनी पायाशी आलेला नारळ उचलला. "तुमी प्लग काढलात त्याच दिवशी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, दे वायर इकडं, बापाची वस्तू हाय."

"मग हा प्लग?" महिपतरावांनी खिळ्याकडे बोट दाखवलं.

"तो मोडक्या इस्त्रीचा."

"आणि सुरमई?"

"ती माझी," फातिमाभाभी म्हणाल्या. "आमचा बर्फाचा कप्पा लहान पडतो. तुमचं घर ह्या दिवसांत खात नाय, म्हणून तुमी अंगणात होता तेव्हा मागच्या दारानं काढून नेली."

घरोघरच्या फ्रीजबद्दल सरकारला सूचना करायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या फ्रीजमागे एकदाही वाकून बघितलं नव्हतं. महिपतरावांनी दुकानदाराला फोन केला. देवाच्या नावाने दिलेला शब्द मोडता येतो, सासऱ्याच्या नावाने दिलेला बायकोसमोर मोडता येत नाही. फ्रीज स्वयंपाकघरात परत गेला आणि वहिनींनी दारावर थाप मारली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून महिपतरावांनाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून ते घरी आले, तर पलंगावर गादी नव्हती. शोधत पडवीत गेले. फ्रीजच्या रिकाम्या जागेवर गादी नीट अंथरलेली होती, वर उशी, उशाशी तांब्या.

"हे काय?"

"नियम तिसरा," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "दुपारी घोरता ते फ्रीजच्या वर जातं. जेवण दोघांचं एकटे जेवता. जुने तर हायच. मी वाचून बगितलं, फ्रीजचं नाव त्यात कुठंच नाय."

महिपतराव मुकाट्याने आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी मोठा उसासा सोडला आणि पुटपुटले, "ह्या घरात माझी काही किंमतच राहिली नाही."

जाळीपलीकडून आवाज आला, "व्हय महाराजा."